चंद्रीचं व्रत

हॅलो?… हो, गुरांचा दवाखाना. गंगाधर बोलतोय… कोण, मालती? अगं मोठ्यानं बोल, नुसती खरखर ऐकू येतेय… हो, हो, दादाच. काय झालं?

चंद्री परत माजावर आली? म्हणजे गाय तिसऱ्यांदा उलटली, गाभ राहिलाच नाही… थांब, जरा बसतो. सकाळपासून उभाच आहे… हां, बोल.

वांझ? कोण म्हणतं?… सासूबाई. मग झालं, मी उगाच शिकलो… रागावलो नाही गं, दमलोय. आपल्या घरी दोनदा व्याली की ती. बाबांनी तुला आंदण दिली, तेव्हा वासरू पायाशी होतं. वांझ कशी होईल?

मंगळवारच्या बाजारात विकणार? परवाच?… अगं रडू नको, ऐक ना. तिच्या बरगड्या हाताला लागतात का?… नाही ना? दिवाळीतच पाहिलं मी, शेपटीच्या मुळाशी चरबीचे गोळे आलेत. खायला काय घालता?… कडबा, बरं… पेंड, बरं… आणि?… सव्वा शेर कणकेच्या पोळ्या? गूळ-तूप लावून? रोज?

अगं, ती गाय आहे की जावई?… हसू नको. चरबी चढलेली गाय गाभ धरत नाही, मालती. हाडं निघालेलीही धरत नाही, ती तर माजावरच येत नाही. मधली लागते. पोळ्या आजच बंद करा, रोज दोन मैल चालवा, दोन-तीन महिन्यांनी वळू दाखवा. एवढंच औषध.

बंद करता येत नाही? का?… कसलं व्रत?… कुणाचं, तुझं?

हं… हं… चंद्री गाभण राहील तेव्हा तुझी कूस उजवेल. कुणी सांगितलं हे?… सासूबाईंनीच. विचारलंच नसतं तर बरं होतं. आणि तोवर तू एकभुक्त?… म्हणजे तिला पोळ्या आणि तुला?… वरीचे तांदूळ. किती दिवस?… वर्ष झालं?



भाऊबीजेला ओवाळताना तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत गेल्या होत्या. मी गुरांचा डॉक्टर. गाईची चरबी तेवढी दिसली मला.

आणि गाय विकल्यावर तुझं काय?… बोल की… अक्कलकोटची मुलगी? भाऊजींना दुसरी बायको? बघायला कधी जाणार?… बुधवारी. आणि ते स्वतः काय म्हणतात?… काहीच म्हणत नाहीत. बरं.

ऐक. तिच्या पोळ्या आजपासून तू खा. तुझा उपास तिला करू दे… पाप लागलं तर माझ्या नावावर घाल… नाही, मूल होईलच असं मी म्हणत नाही. गाईचंही छातीठोक सांगत नाही मी. पण आधी तू जेव गं. बाकीचं मग बघू.

कोण आलं?… सासूबाई? दे त्यांच्याकडे… दे म्हणतो ना.

नमस्कार, गंगाधर बोलतोय… हो, गाईचंच चाललं होतं… बाजारात नेऊ नका, आमची आम्ही परत नेतो. उद्या सकाळी येतो… नाही, गडी नको, चालवतच नेणार आहे तिला. टांगाही आणतोय…

गाईला कशाला टांगा? टांगा मालतीसाठी… हो, दोघींना नेतो. ठेवतो.