पिवळीची कळी

सासूबाई : गेटपासून माझी वाट का अडवताय, जावईबापू? गुलाब मेले का?

जावई : मेले नाहीत हो, आई. पण आधी आत चला. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ऊन लागेल.

सासूबाई : काळा चष्मा आहे. बाजूला व्हा. ...अगंबाई! पानांवर हे काळे ठिपके कधीपासून?

जावई : तुम्ही गेलात आणि लागले पडायला. मी काही करायचं बाकी ठेवलं नाही. उन्हात होरपळलेली बघवेनात, म्हणून रोज संध्याकाळी पाइपने आंघोळ घालायचो.

सासूबाई : पानांवरून? संध्याकाळी?

जावई : नखशिखान्त.

सासूबाई : म्हणजे रात्रभर पानं ओली. बुरशीला आयतंच रान मिळालं. लेक म्हणत होती, ह्यांच्यावर झाडं सोपवू नकोस.

जावई : औषध आणू? खत घालू? थांबा, आधी सावलीला कापड बांधतो, शिडी कुठंय...

सासूबाई : आधी एका जागी उभे राहा! तुमच्या येरझाऱ्यांनी मला गरगरतंय. कात्री आणा. मला वाकायला मनाई आहे, तुम्हीच कापा. ठिपक्याचं एकेक पान. खाली पडलेलीही वेचा.

जावई : काड्याच उरतील.

सासूबाई : उरू देत. धड पानं ठेवा. मग मुळाशी वाळकं गवत पसरा, माती थंड राहील.

जावई : ...झालं. हात सोलवटले, पण झालं.

सासूबाई : आता माझ्या पिवळ्या गुलाबाची, पिवळीची, ती कळीही काढा.

जावई : ती नाही! एवढी एकच टिकलीय. पट्टी निघाल्यावर तुम्हाला आधी ही दिसावी, म्हणून जिवापाड जपली.

सासूबाई : झाडात त्राण नाही आणि आहे ते सगळं ती ओढून घेतेय. या उन्हात पिवळी जगायला हवी ना?

जावई : हवी. पण माझा हात होत नाही.

सासूबाई : माझाही झाला नसता. कापा.

(कात्रीचा आवाज.)

जावई : घ्या.

सासूबाई : सावलीत चष्मा काढते जरा... अहो, ही तर पांढरी आहे!

जावई : ...हो.

सासूबाई : शुभ्र पांढरी! म्हणजे मोतीबिंदूमुळे मला पिवळी दिसत होती? आणि तुम्ही सगळे? तुम्हीही पिवळीच म्हणायचात!

जावई : इतक्या कौतुकाने दाखवायचात, आई. सांगायला मन होईना.

सासूबाई : ...बरं. उद्यापासून पिवळीला पाणी सकाळी घाला. मुळाशी.