बसून वाजवायची गिटार

ओचानोमिझू भागातल्या वाद्यांच्या दुकानात आपल्या गिटारच्या तारा बदलून मिळेपर्यंत मित्सुए बाकावर बसली होती. भिंतीवरच्या बाणासारख्या टोकदार, काळ्या गिटारपुढे दोन पिकल्या केसांचे मित्र थबकले.

“इगाराशी, ही माझीच! मागे बघ, माझ्याच पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे.”

“मग विकलीस कशाला?”

“हारुना झाली ना. बसलो की मांडीवरून गिटार घसरायची, आणि उभा राहून वाजवलं की पोरगी किंचाळायची.”

“अरे येड्या, खालच्या दोन टोकांतलं एक मांड्यांमध्ये धरायचं. मस्त बसून वाजते.”

“हे बत्तीस वर्षांनी सांगतोयस?”

“तेव्हा सांगितलं असतं, तर बसला असतास?”

“छे! बसून कोण हेवी मेटल वाजवतं?”

“मग झालं तर.”

“झालं काय? आता गुडघे गेलेत. त्या ताईंना विचार, जरा सरकतील का.”

मित्सुए आधीच उठली होती.