सलूनमागची खोली

सन्माननीय अध्यक्ष आणि आपले कमांडर साहेब, व्यासपीठावरील अधिकारीवर्ग, वसाहतीतून आलेल्या माझ्या ताई-वहिनी, सलूनवाले मामा, आणि दर वर्षी याच सभागृहात माझ्या व्याख्यानाला सक्तीने बसवलेल्या माझ्या जवान बंधुभगिनींनो,

तुमचं दुःख मला ठाऊक आहे. पहाटेपासून कवायत, मग पोटभर जेवण, आणि डोळा लागतोय तोच समोर मी उभी. पडद्यावर लाल अक्षरं: व्यसन नको, छळ नको, मारहाण नको. तुम्ही मला 'नकोबाई' म्हणता हे मला कळलं नसेल, असं वाटलं का? आमच्या यजमानांच्या कानावर ते गेलं, तेव्हापासून घरात मला दुसऱ्या नावाने हाक नाही. आज माझ्या निरोपालाही हजेरी सक्तीची आहे म्हणे. निदान आज शेवटी चहा आहे.

मी सैनिक नाही. वर्दी नाही, हुद्दा नाही. इथे कुणी कुणाला सलाम करायचा हे कळायच्या आत निवृत्तीचं वय झालं. माझं काम एवढंच: कुणी स्वतःचं किंवा घरच्यांचं, सोबत्यांचं वाईट करून बसण्याआधी त्याच्यापर्यंत पोचायचं. त्यासाठी मला मुख्य इमारतीत खोली मिळाली. दारावर पाटी, 'हानिकारक वर्तन प्रतिबंध कक्ष', अक्षरं एवढी की मैदानापलीकडून वाचावीत. आता सांगा, अख्ख्या पलटणीच्या नजरेसमोर ते मैदान ओलांडून त्या दारात कोण शिरणार? शिरला, की जेवायच्या टेबलावर निकाल ठरलेला: हा पितो, नाहीतर हा मारतो. माझ्याकडे यायचे ते पंखा दुरुस्त करणारे. आणि मी त्या पाटीखाली बसून जाडजूड ग्रंथ वाचत असे. विषय? सैनिक मदत मागायला का येत नाहीत!

मग इमारतीची रंगरंगोटी निघाली आणि माझं टेबल सलूनमागच्या खोलीत टाकलं. मी केवढी भांडले! माझ्या पदाचा अपमान, माझ्या अभ्यासाचा अपमान. मामा कात्री थांबवून म्हणाले, "बाई, अपमान नंतर करून घ्या, आधी त्या खुर्चीवरून उठा, गिऱ्हाईक आहे."

पण इथे केस वाढले तर शिक्षा आहे. त्यामुळे सलूनमध्ये का गेलास, असं कुणी कुणाला विचारत नाही. माझ्या खोलीचं दार दुकानातून आत उघडतं. हळूहळू माणसं यायला लागली. पुढे एका परिषदेत मी ही सगळी माझी पूर्वनियोजित योजना म्हणून मांडली. टाळ्या पडल्या. मामा, हसू नका.

एक दिवस आले कवायतीचे उस्ताद. त्यांच्या परवानगीने सांगते आहे. काय सांगायचं आणि किती, हेही त्यांनीच ठरवून दिलंय. ते बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "काल पोरीच्या हातून कप फुटला. मी नुसतं वळून पाहिलं. ती सावधानमध्ये उभी राहिली."

मी माझे सगळे जाडजूड ग्रंथ मनात चाळले. एकही ग्रंथ मदतीला आला नाही. शेवटी एवढंच म्हटलं, की पुढच्या आठवड्यातही या. ते आले, येत राहिले. शेवटी मामा कुरकुरले, "बाई, यांच्या डोक्यावर आता कापू काय?" पुढे त्यांच्या पत्नी, आपल्या वहिनी, याही यायला लागल्या. आणि एक दिवस त्या वैतागून म्हणाल्या, "आता ती उलट बोलते हो. बापाला तोंडावर सांगते, तुमचा चहा तुम्ही करा."

त्या दिवशी मी मामांना पेढ्यांऐवजी बिस्किटं दिली, कँटीनमध्ये तेवढंच मिळालं. पण वरिष्ठांना कळवू काय? मुलगी उलट बोलू लागली, ही कामगिरी? जे घडलं नाही त्याचा पुरावा कुठून आणू? दारूगोळ्याचं कोठार उडालं नाही, म्हणून आपण पहारेकऱ्याला कधी विचारतो का, बाबा रे, तू केलंस काय? मग घराच्या पहाऱ्यालाच हा प्रश्न का?

आता इमारत रंगून तयार आहे. सगळ्या कचेऱ्या एका छपराखाली, असा आदेश आहे, आणि माझ्या जागी येणाऱ्या ताईंनी त्या पाटीखाली बसायचं आहे. सध्या सलूनमागच्या खोलीत येणारा एकजण मला काल म्हणाला, "तिकडे मी येणार नाही, मॅडम." तो कोण, हे मी सांगणार नाही. तो आत्ता या सभागृहात आहे आणि त्याला घरी जायची भीती वाटते, स्वतःचीच. माझ्या निरोपापेक्षा मला त्याची काळजी आहे.

आपण इतकी वर्षं मला सहन केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर या तोंडाळ बाईला पदरात घ्या.

आणि कमांडर साहेब, भेटवस्तूबद्दल आभारी आहे, पण मला दुसरं काही हवं आहे. उद्या सकाळी माणसं सलूनमागचं ते टेबल उचलायला येतील. त्यांना परत पाठवा. हुकूम आत्ता द्या, या सगळ्यांच्या देखत, म्हणजे ज्याला ऐकायचा आहे त्याला ऐकू जाईल.