वायरोआचा रस्ता

नेपिअरच्या बेकरीत रोइमाटाच्या मागे रांगेत काळ्या कपड्यांतले माओरी बहीण-भाऊ उभे होते. बाहेर त्यांच्या व्हॅनमध्ये शवपेटी होती आणि तिच्यावर हात ठेवून त्यांची आत्या बसली होती.

"वायरोआच्या रस्त्याचं काम चाललंय, ताई. गाड्या तास तास अडकतात. टाउपोवरून वळसा घेऊ."

"त्यात रात्र होईल, टामाती. अंधार पडल्यावर बाबांना मराएच्या, आपल्या सभाघराच्या अंगणात घेणार नाहीत."

"मग काय, त्यांना धुळीत ताटकळत ठेवू?"

"कामावर कोणाची टोळी आहे?"

"हेनारेकाकांची. म्हणजे बाबांचीच जुनी."

"त्यांना कळवलंस?"

"नाही गं. बाबा गेले, हे त्यांना सांगायचं जिवावर आलं."

"आण तो फोन इकडे."

बहीण फोनवर थोडंच बोलली, मग बराच वेळ ऐकत राहिली.

"काय म्हणाले?"

"आधी रडले. मग म्हणाले, सरळ या. समोरच्या गाड्या थोपवून धरतो, यंत्रं बंद ठेवतो."

"आणखी काही?"

"गाडी हळू आणा म्हणाले. सगळ्यांना कडेला उभं राहून निरोप द्यायचाय."

रोइमाटा रांगेतून बाजूला झाली.

"तुम्ही आधी घ्या," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर पोहोचा."