आम्ही बाहेरगावी आहोत

(दाराच्या आत नवरा आणि बायको, दोघंही कुजबुजत. दाराबाहेर जिन्यात ताई.)

नवरा : ...आणि तो पंखा बंद कर आधी. फार आवाज करतो.

बायको : तुमच्यापेक्षा कमीच करतो.

नवरा : अगं, हळू. ताई आहे दारात.

बायको : कळलं मला. म्हणून तर म्हणतेय, दार उघडा.

नवरा : कसं उघडू? सकाळीच फोनवर सांगितलंय तिला, आम्ही डोंगरात आलोय म्हणून. हवा छान आहे, पंधरा दिवस राहणार आहोत, खोलीच्या समोरच तळं आहे.

बायको : तळंही सांगितलंत?

नवरा : ओघात आलं.

बायको : नुसतं ‘घरी नाही’ म्हणाला असतात तरी भागलं असतं.

नवरा : बहीण आहे ती माझी. घरी नाही म्हटलं की विचारणार ना, कुठं आहात, कशाला गेलात. आणि एकदा बोलायला लागलो की माझं तसंच होतं. वीस वर्षं दुकानात फरशी विकतोय. गिऱ्हाइकानं साधी पांढरी मागितली तरी माझ्या तोंडून आधी संगमरवर निघतो.

बायको : विकत होतात. आता दुकान उघडतं तरी कुठं?

नवरा : आठवड्यातले दोन दिवस उघडतं.

बायको : आणि त्या दोन दिवसांत गिऱ्हाईक किती येतं?

नवरा : परवा आला होता एक.

बायको : काय घेतलं त्यानं?

नवरा : पत्ता विचारून गेला.

ताई : बारक्या... ए बारक्या...

नवरा : बघ, हाक मारतेय. संशय आलाय तिला.

बायको : संशय कसला? सवय आहे त्यांची. कुलपालासुद्धा दोन हाका मारून बघतील त्या. पण मला एक सांगा, सकाळी तुम्ही बाहेरगावी आहोत म्हणालात, मग त्या आल्याच कशा?

नवरा : तेव्हा ती निघाली होती. बसमधूनच फोन केला होता तिनं, दोन दिवस राहायला येतेय म्हणून. म्हणाली, असू दे रे, पुढच्या थांब्यावर उतरते आणि माघारी जाते. नीट फिरा म्हणाली, गार हवेत छाती सांभाळ म्हणाली.

बायको : मग उतरल्या का नाहीत?

नवरा : मला काय माहीत? तू खाली बस आधी. दाराच्या फटीतून सावली दिसते.

बायको : खालीच बसलेय. वर बसायला ठेवलंय काय घरात?

नवरा : टोमणे मारायची वेळ आहे का ही?

बायको : टोमणा कुठं मारतेय? सोफा गेला, जेवायचं टेबल गेलं, मागच्या आठवड्यात फ्रिज गेला. पाहुणे यायचे म्हटलं की लोक घर आवरायला घेतात. आपलं आवरूनच झालंय.

नवरा : म्हणूनच तर. मागच्या वेळी ती आली तेव्हा आठ दिवस तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं मी. रोज संध्याकाळी बाहेर जेवायला नेलं. नाटकाला पहिल्या रांगेत बसवलं. जाताना स्टँडपर्यंत टॅक्सी. या जिन्यातल्या प्रत्येकाला थांबवून सांगत होती, हा माझा भाऊ म्हणून. त्याच ताईला मी आता कुठं बसवू? बादली उपडी घालून देऊ?

बायको : आणि कपडे धुवायचं मशीन. ते राहिलं सांगायचं.

नवरा : हात दुखत होते तिचे.

बायको : दुखत होते, मान्य आहे. पण नेमकं तेव्हाच आपलं मशीन बंद पडलं होतं. मी म्हटलं, दुरुस्त करून आणू. तुम्ही नवंकोरं घेतलंत, हप्त्यावर, आणि पाठवलंत त्यांच्या घरी. दीड वर्ष झालं, मी इथं टबात उभी राहून चादरी तुडवतेय. कधी एका शब्दानं बोलले का मी?

नवरा : आत्ता बोलते आहेस की.

बायको : आत्ता दुसरं काय करू? घराबाहेर पडायची सोय नाही, पंखा लावायची नाही, उभं राहायची नाही... अहो.

नवरा : काय?

बायको : तुमच्या चपला कुठं आहेत?

नवरा : असतील की दारा...

बायको : दाराबाहेर. माझ्याही. दोघांचे जोड शेजारी शेजारी.

नवरा : त्यात काय एवढं? गावाला जाताना लोक ठेवतात एखादा जोड बाहेर. घरात माणूस आहे असं चोराला वाटावं म्हणून.

बायको : चोराला तसं वाटेल. आणि ताईंना काय वाटेल?

नवरा : दाराच्या भोकातून बघ जरा, काय करतेय ती.

बायको : तुम्ही बघा. बहीण तुमची आहे.

नवरा : मला नाही बघवत.

बायको : सरका. ...पायरीवर बसल्यात, कठड्याला टेकून. वाळल्यात हो फार. दोन पिशव्या आहेत, चांगल्या भरलेल्या. आणि एकीतून उशीचा कोपरा दिसतोय.

नवरा : उशी? दोन दिवसांसाठी कुणी उशी आणतं का?

बायको : तेच म्हणतेय मी. थांबा, फोन काढला त्यांनी.

नवरा : मला लावत असेल. माझा फोन कुठाय? वाजेल तो.

बायको : बंद करून पिठाच्या डब्यात ठेवलाय. सकाळी तुम्हीच ठेवलात. गप्प बसा, बोलायला लागल्या त्या.

ताई : हॅलो, सूनबाई? हो गं, पोचले, मघाशीच पोचले. अगं, बारक्या धावतच आला दार उघडायला. पिशव्या हातातून ओढूनच घेतल्या त्यानं... हो, तीही आहे ना. आत आहे, माझ्यासाठीच काहीतरी करतेय. किती वेळा सांगितलं, नको करत बसू म्हणून, पण ऐकेल तर ना... छे गं, त्यांना कसली अडचण? दुकान जोरात चाललंय त्याचं. मी म्हटलं दोन दिवस राहीन, तर म्हणतो, दोन महिने हलायचं नाही.

नवरा : हे काय बोलतेय ही?

बायको : ऐका ना.

ताई : ते राहू दे. तू आपली सवयीनं माझं ताट घेशील, ते घेऊ नकोस. तेवढं पोरांना वाढ. धाकटीला विचारून वाढायचं, ती आपणहून मागत नाही हल्ली. ...आणि त्याला म्हणावं, रोज उठून कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहू नकोस. उघडायचा तेव्हा उघडेल. ...हो, मशीनचं विचारते मी मामाला. विचारायचं तरी काय त्यात, विकून टाका. त्याला नाही वाटत असल्या गोष्टींचं काही, मोठ्या मनाचा आहे तो. बरं, ठेवू का? जेवायला हाका मारताहेत मला.

बायको : ऐकलंत?

नवरा : ऐकलं.

बायको : तुमच्या भाच्याचा कारखाना बंद पडलाय. आणि ताई घराबाहेर पडल्यात, तिथलं एक ताट कमी व्हावं म्हणून.

नवरा : मला काही बोलली नाही गं ती.

बायको : तुम्ही बोलू दिलंत का? त्यांचा फोन आला की आधी तुमचं दुकान, मग तुमचं तळं. त्यांनी मध्ये कुठं आणि कसं सांगायचं?

नवरा : आता जाईल कुठं ती? घरी तर सांगून बसली, मी भावाकडे आहे म्हणून.

बायको : कुठं जातील? बसतील तुमच्या पायरीवर. उशी आणलीच आहे.

नवरा : असं नको ना बोलूस.

बायको : मग उघडा दार.

नवरा : उघडतो. पण उघडून सांगू काय? डोंगरातून आत्ताच आलो? कुठून आलो, खिडकीतून?

बायको : जे आहे ते सांगा.

नवरा : काय आहे? ती दार वाजवत होती आणि मी आत जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन, श्वास रोखून बसलो होतो, हे सांगू? पन्नाशी आली माझी. पैसे नाहीत याची लाज वाटून वाटून आता काही वाटेनासं झालंय. फ्रिज उचलून नेला तेव्हा मी हमालाला वरून हातसुद्धा लावला. पण ही लाज वेगळीच आहे. तिच्यासमोर मान वर करता येईल का मला?

बायको : तुम्ही एकटे नाही त्यात.

नवरा : तू काय केलंस?

बायको : सकाळी तुम्ही फोनवर थाप मारलीत ना, तेव्हा मी तिथंच पीठ मळत उभी होते. मला थांबवता आलं असतं तुम्हाला. नाही थांबवलं. मनात म्हटलं, सुटले. दोघांचं भागवताना नाकी नऊ येतात, त्यात तिसरं तोंड कुठं आणायचं? तुम्ही खोटं बोललात, पण मला ते हवंच होतं. मघापासून टोमणे मारतेय ते त्यामुळेच.

नवरा : मला वाटलं, तू...

बायको : काय वाटलं? मी फार सरळ आहे? मलाही वाटायचं तसं.

नवरा : हा आवाज कसला येतोय?

बायको : कुठला?

नवरा : आतून. फसफस.

बायको : अगंबाई. कुकर राहिला गॅसवर. बारीक करून ठेवला होता मी.

नवरा : पळ, बंद कर आधी, शिट्टी झाली तर...

बायको : आता पळून काय करू? झाली ना. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली असेल.

ताई : हॅलो, हो, परत मीच बोलतेय. काही नाही गं. शिट्टी ना? ती शेजारी कुणाकडे तरी झाली. बारक्याकडची नाही. इथं शेजारी स्वयंपाक चाललाय कुणाचा तरी, तेच ऐकू आलं तुला. बरं, बरं, ठेवते हं.

नवरा : वाचलो. शेजारच्यांची वाटली तिला.

बायको : इकडे या.

नवरा : कशाला?

बायको : या म्हणते ना. बघा बाहेर.

नवरा : उठलीय ती. पिशव्या उचलल्या दोन्ही.

बायको : फोन कुठाय त्यांचा?

नवरा : हातात तर नाही. दोन्ही हातांत पिशव्याच आहेत.

बायको : नसणारच. सुनेशी बोलणं झालं तेव्हाच त्यांनी तो पर्समध्ये टाकून चेन लावली. मी बघितलं. त्यानंतर बाहेर काढलाच नाही.

नवरा : मग आत्ता कुणाला सांगत होती ती, शेजारच्यांची शिट्टी म्हणून?

बायको : आपल्याला. अहो, उतरताहेत त्या. हाक मारा.

नवरा : तू मार. तुझं ऐकेल ती.

बायको : माझ्या हाकेलाही थांबतील त्या. घरातसुद्धा येतील, कपबशी हातात घेऊन बसतील, आणि तुम्ही तिकडे तोंड करून खिडकीतून बघत राहाल. हाक तुम्हीच मारायची.

नवरा : ताई.

बायको : कुजबुजू नका आता. दार उघडा.

नवरा : ताई. थांब गं.

ताई : अरे, बारक्या? आलात होय फिरून?

नवरा : नाही.

ताई : बरं केलंत लवकर आलात ते. डोंगरात काय, हवा बदलते पटकन. मी आपली इकडून चालले होते, म्हटलं जाता जाता...

नवरा : ताई, आम्ही गेलोच नव्हतो कुठं. आत होतो. तू आलीस तेव्हापासून.

ताई : असं होय. मला नाही हो काही ऐकू आलं.

नवरा : आम्हाला आलं. सूनबाईला सांगितलंस ते सगळं.

ताई : ते आपलं असंच. ओघात बोलले.

नवरा : दुकान बंद पडल्यातच जमा आहे. घरात बसायला खुर्ची नाही. तुला खाली बसावं लागेल.

ताई : बसेन की. गुडघे वाकतात अजून.

नवरा : तू हाका मारत होतीस आणि मी हूं की चूं केलं नाही. सख्खी बहीण दारात, आणि मी...

ताई : पुरे कर. मी तरी सरळ कुठं वागले? सकाळी तू डोंगराचं सांगत होतास ना, तेव्हा तुझ्यामागं भंगारवाला ओरडत होता. डोंगरात कुठला आलाय भंगारवाला? कळलं होतं मला, तू घरीच आहेस आणि तुला मी नको आहे. उतरायला हवं होतं मी तिथंच. थांबे येत होते आणि जात होते. मी मनात म्हटलं, जाऊन पायरीवर बसावं. सख्खा भाऊ आहे, किती वेळ बसवून ठेवेल? असं वागायची वेळ येईल असं नव्हतं रे वाटलं कधी.

नवरा : पिशवी दे.

ताई : असू दे, जड नाही.

नवरा : दे इकडे. ती पण दे.

बायको : ताई, वर या. कुकर उतरवलाय मी. गरम आहे तोवर बसू.

ताई : आले गं. ...बारक्या, एक ऐक. तिला सांगून ठेव, माझ्यासाठी दोन्ही वेळा रांधत बसू नको म्हणावं. दुपारचं एकदा खाल्लं की पुरतं मला. रात्रीची मी जेवत नाही हल्ली. वयानं पचत नाही.

नवरा : आम्हीही नाही जेवत, ताई.