बुडवलेल्या बोटीवरचं छप्पर

नको, नको, काका, दोर टाकू नका — बुडाली नाहीय ती, मी बुडवलीय. हो, मुद्दाम. आणि वरती ते ताडपत्रीचं छप्पर बांधलंय तेही मुद्दाम. हसा ना, हसा — काठोकाठ पाण्यात गेलेल्या बोटीला पावसापासून आडोसा! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मीही हसले असते. तुमची बोट बांधा त्या खुंटाला आणि बसा जरा. मला इथून हलता येत नाही, कुणीतरी ती ओढून बाहेर काढायला जाईल म्हणून, आणि नुसतं पाण्याकडे बघून डोळे शिणलेत.

मला काय वाटलं होतं सांगू? घरी येईन तर बोट कुजलेली असेल. अंगणात पालथी, आत गवत उगवलेलं, मोटर गंजून गेलेली — तशी तयारी करूनच आले मी, खरवडायचं पातं, ब्रश, पॉलिशपेपर, बॅगेत कपड्यांपेक्षा तेच जास्त. बोट दादाची, माझ्या भावाची. तो गेला — तापानं गेला, पाण्यानं नाही, लोक आधी तेच विचारतात. आमचं ठरलेलं होतं — मी लांब जाऊन नर्सिंग शिकून यायचं, त्यानं बोट चालवायची, आणि त्या काठच्या वस्त्यांवर आठवड्यातून दोनदा दवाखाना न्यायचा, कारण तिथं बाई अडली तर तिला पुलापर्यंत चालवत आणतात, आणि पूल किती लांब आहे तुम्हाला माहितीये, आणि हे काय फार मोठं मागणं आहे का, की — बघा, सुरू झालं माझं. आप्पा म्हणतात, हिच्यासमोर दोन माणसं उभी राहिली की सभा भरते.

आप्पा म्हणजे वडील. शिंपी आहेत. पोहता येत नाही, बोटीत कधी बसले नाहीत, दादाला कायम म्हणायचे, "जमिनीवर एवढी जागा असताना तुला पाण्यातच कशाला जायचंय?" आणि दादाला दवाखान्यात शेवटी बोटीचीच काळजी. आप्पांचा हात धरून म्हणाला, बोट भिजू देऊ नका. बस, एवढंच. आता आप्पांना बोटीतलं काय कळणार? कापडातलं कळतं. त्यांनी ताडपत्री आणली, बोटीची मापं घेतली आणि कव्हर शिवलं — दुहेरी शिवण, काज, गुंड्या. मोटरलाही वेगळं शिवलंय, त्याला कॉलर आहे! खरंच, कॉलर. मोटर आडवी ठेवायची नाही हे त्यांनी कधीतरी ऐकलेलं, म्हणून तिला लाकडी घोडीवर उभी बांधली आणि शिलाई मशीनच्या तेलानं पुसत राहिले. रात्री पाऊस आला की उठून कव्हर चाचपायचे. शेजारच्या काकू म्हणतात, पोराला पांघरूण घालावं तसं.

मी आले त्या दिवशी त्यांनी एकेक गुंडी काढून दाखवलं. रंग जसाच्या तसा. मी नाचायचीच बाकी होते. मोटरची टाकी, नळ्या साफ केल्या, पाण्याच्या पिंपात लावली, दोरी ओढ ओढ ओढली — आणि झाली की चालू! आप्पा उभे राहिले, ऐकलं, आणि आत निघून गेले. तो आवाज म्हणजे दादा घरी येण्याचा आवाज, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग मी बोटीखाली शिरले, तळ बघायला. आत ऊन येत होतं, काका. फळीफळीच्या मधून, उभ्या रेघाच रेघा. लाकूड सुकून आकसलेलं, सगळे सांधे उघडे. उन्हाळ्यात त्या ताडपत्रीखाली भट्टी होत असणार, आणि वर पाण्याचा थेंब नाही. आप्पा बाहेर आले, वाकले, म्हणाले, "कोरडी आहे ना?" मी म्हटलं, "कोरडी आहे, आप्पा."

अशा बोटीला पाणी पाजावं लागतं. दादा दर हंगामाला करायचा — काठाशी बुडवून ठेवायची, फळ्या फुगतात, फटी मिटतात. संध्याकाळी जेवताना मी ते सांगितलं. एवढंच, की थोडी भिजवायला लागेल. त्यांच्या राखण्यानंच झालंय, हे नाही सांगितलं. ते म्हणाले, "तू शिकून आलीस, तुला कळत असेल. पण मी त्याला हो म्हटलंय." आणि ताट तसंच ठेवून उठले.

मिटतात हो फटी. बऱ्याच मिटल्यात. रोज सकाळी मी पाणी उपसून बघते. पण मागची ती फळी — ती आकसलेली नाहीय, चिरलीय, आरपार. आणि तिच्याखालचा कणाही, तळाचं मधलं लांब लाकूड. मी उपसते आणि बोट माझ्यादेखत भरते. घरी सांगते, फुगतायत, आप्पा, अजून थोडे दिवस. हे मी अजून कुणाला — तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. तुम्ही उद्या इथं नसणार म्हणून असेल. नवी बोट? बघू. दवाखाना न्यायचाच आहे, मोटर आहे, कुणाचीतरी बोट मिळेल. पण ही बाहेर काढायची म्हणजे का नाही चालत ते सांगणं आलं. म्हणून राहू दे थोडे दिवस पाण्यात. भिजणारी बोट आहे तोवर बोट आहे.

आणि छप्पर — हां, ते राहिलंच. आप्पा ताटावरून उठले त्या रात्री वाटलं, सरळ सांगून टाकावं, सगळं, तळातल्या उन्हासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आले तर आप्पा अंधारातच उठून कव्हराच्या गुंड्या काढत होते. मला न विचारता. काजातून गुंडी निघत नव्हती, तरी काढत होते. तेव्हा ठरवलं, काही सांगायचं नाही. म्हटलं, आप्पा, दादा पावसाबद्दल म्हणाला होता. नदी तर बोटीची घरचीच आहे. नदीत ठेवू, पण पावसाचा थेंब पडू द्यायचा नाही — तुम्ही चार खांबांवर बसेल असं काहीतरी शिवा. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि म्हणाले, "लांबी धर."

ते बघा, पायवाटेनं येतायत, छत्री आहे ना ती. त्यांच्यासमोर हसू नका हं. विचारलंच तर म्हणा — नाही, काहीच म्हणू नका. निघा तुम्ही. दोर राहिला तुमचा, घ्या.