रंगाचा तंबू

मद्रासला, नुंगंबाक्कमच्या पोस्टात, एअरमेलच्या रांगेत माझ्यापुढं एक वयस्क जोडपं उभं होतं. दोघं तंजावरचं मराठी बोलत होती, म्हणून माझा कान तिकडं गेला. गृहस्थांच्या हातात मुलाला लिहिलेल्या पत्राचं पाकीट होतं.

“रंगाला अमेरिकेत तंबू कशाला हवा?”

“मासे धरायला, सरोजा. झटका दिला की छत्रीसारखा उभा राहतो म्हणे. कुठला टिकेल, ते विचारलंय. मी कॅनव्हासच्या कारखान्यात होतो ना.”

“मासे? आपला रंगा?”

“खात नाही, धरून सोडतो. तिथं थंडीत तळं गोठतं. त्यावरच तंबू लावून बसतात.”

“तळ्यावर? अय्यो रामा!”

“बर्फ हातभर जाड असतो. तंबू मात्र मजबूत हवा. गेल्या थंडीत वाऱ्यानं फाटला, तेव्हा...”

“तेव्हा काय?”

“काही नाही.”

“सांगा.”

“गाडीपर्यंत यायला त्याला दोन तास लागले. थंडीनं पायाची दोन बोटं मेली, काढावी लागली.”

बाई वळून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“तुझं ब्लडप्रेशर, म्हणून बोललो नाही.”

“कधी झालं हे?”

“दहा महिने झाले.”

“कुठल्या पायाची?”

“डाव्या.”

“जाऊ नको म्हणून लिहा.”

“लिहिलं होतं. ऐकतो कुठं?”

“तंबू कुठं फाटला?”

“कोपऱ्यात, दांडी घुसते तिथं.”

“मग आता काय लिहिलंत?”

“जाड कापडाचा घे म्हणून.”

“नुसत्या कापडानं काय होतंय? कोपऱ्यांना दुहेरी पट्टी हवी. पाकीट फोडा.”

“अगं, चिकटवलंय. आपला नंबर आला.”

“फोडा म्हणते ना! आधी पायाचं विचारायचंय.”